रेती खोडून वाळू

पन्नाशी उलटलेल्या दोन मराठीच्या शिक्षकांनी पायाला फळी बांधून वाळूच्या टेकडीवरून घसरत खाली यावे, या गोष्टीचे समर्थन करणे कठीण आहे आणि ते करण्याचा आमचा विचारही नाही. आम्ही दोघे पती-पत्नी मेहकर तालुक्यातील जानेफळला राहतो आणि त्याच परिसरात अनेक वर्षे मराठी शिकवीत आलो आहोत. आमचा एक माजी विद्यार्थी दुबईत नोकरीला आहे. त्याच्या आग्रहाखातर गेल्या डिसेंबरात आठ दिवस त्याच्याकडे जाणे झाले आणि त्यांपैकी एका दुपारी त्याने आम्हाला न विचारताच आमची दोन तासांची शिकवणी ठरवून टाकली. शिकवणी कसली, तर वाळूवरून घसरण्याची. तिकडे या खेळाला सँडबोर्डिंग म्हणतात. बर्फावर जो खेळ चालतो त्याचाच हा कोरडा भाऊ. नामिबियातील स्वाकोपमुंड आणि पेरूमधील वाकाचिना या गावांचा त्यावर मोठा पर्यटनव्यवसाय चालतो, असे आम्हाला नंतर कळले.

प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा हेतू नाही. त्या दोन तासांत आमच्या अध्यापनातील एक जुनी खोड उघडी पडली, आणि ती आमच्या एकट्यांचीच असेल असे आम्हाला वाटत नाही. म्हणून हा लेख.

मराठीच्या विद्यार्थ्याजवळ वाळवंटाचे सामान काय काय असते, ते आधी पाहावे. मृगजळ असते. उंट असतो. ओअॅसिस असते, तेही बहुधा 'हिरवळीचे बेट' होऊन येते. वामन पंडितांनी मराठीत आणलेल्या भर्तृहरीमुळे वाळूतून तेल काढणारा तो प्रसिद्ध चिकाटीबाज मनुष्य असतो आणि मृगजळाचे पाणी पिणाराही त्याच श्लोकात भेटतो. वाळूवरची एक ग्रामीण म्हणही असते, पण ती येथे लिहिण्यासारखी नाही. आणि मग 'आयुष्याचे वाळवंट', 'भावनांचे वाळवंट', 'वाळवंटातील झरा' ही निबंधाची हुकमी शिदोरी असते. तीस वर्षांत आम्ही किती वह्या तपासल्या याची गणती नाही, पण त्या वह्यांतील एकाही वाळवंटात कोणाच्या चपलेत वाळू गेलेली आम्हाला आठवत नाही. मराठी निबंधातल्या वाळवंटाला कण नाहीत. त्याला नुसता अर्थ आहे. रुक्षता, निराशा, एकाकीपणा, भ्रम यांपैकी हवा तो अर्थ घ्यावा आणि पुढे जावे.

याचा दोष विद्यार्थ्यांना देणे सोपे आहे. आम्हीही तो पुष्कळ वर्षे दिला.

दुबईहून हत्ताकडे जाणाऱ्या रस्त्यावर लाहबाब नावाचा प्रदेश लागतो. तेथील वाळू तांबूस आहे. कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो म्हणून ती तशी दिसते. उन्हे कलली की हा तांबूसपणा वाढत जातो आणि पर्यटकांचे कॅमेरे बाहेर निघतात. त्या परिसरात गाड्या टेकड्यांवरून उडवीत नेणे, उंटावर पाच मिनिटे बसवून फोटो काढणे, रात्री तंबूत जेवण आणि नाच हा सगळा ठरीव कार्यक्रम चालतो. त्याविषयी आमचे मत चांगले नाही, आणि ते सविस्तर सांगण्याइतके महत्त्वाचेही नाही. आमचा विद्यार्थी त्या गर्दीपासून थोडा बाजूला गाडी घेऊन गेला. तेथे एक तिशीतला तरुण चार फळ्या वाळूत उभ्या रोवून वाट पाहत बसला होता. तो सीमेपलीकडच्या पंजाबातला. त्याचे नाव आम्हाला ठाऊक आहे. नोकरीचे कारण सांगून त्याने ते कोठे लिहू नका म्हटले, म्हणून लिहीत नाही. पुढे याच मुद्द्यावर आम्हाला काही म्हणायचे आहे, तेव्हा ही अडचण आधीच नोंदवून ठेवतो.

शिकवणीची सुरुवात टेकडीच्या आकारापासून झाली. भूगोलाच्या पुस्तकात चंद्रकोरीच्या आकाराच्या 'बारखाण' टेकड्यांची आकृती असते. ती आम्ही शाळेत असताना काढली होती, तिला नावे दिली होती, गुणही मिळवले होते. त्या आकृतीचा अर्थ तळपायाला कळण्यासाठी एवढी वर्षे जावी लागली. वाळूच्या टेकडीला दोन बाजू असतात. वाऱ्याकडची बाजू लांब आणि मंद चढाची. वारा कणांना त्या बाजूने उडवीत, ठेचकाळत वर नेतो आणि जाता जाता दाबून घट्ट करतो. आडोशाची बाजू आखूड आणि एकदम उभी. माथ्यावर पोहोचलेले कण त्या बाजूला नुसते ओघळून पडतात, म्हणून ती मऊ असते. कोरड्या वाळूचा ढीग साधारण तेहतीस-चौतीस अंशांपेक्षा अधिक उभा राहू शकत नाही. त्याहून चढ वाढला की वरचा थर आपोआप खाली सरकतो आणि पुन्हा तोच कोन साधतो. राल्फ बॅग्नॉल्ड या इंग्रज लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटातील भटकंतीनंतर या सगळ्याचे गणित मांडले. त्याचे पुस्तक 1941 साली निघाले आणि अजूनही त्या विषयातले मूळ पुस्तक मानले जाते. आमच्या शिक्षकाला बॅग्नॉल्ड ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने टाच वाळूत मारून दाखवली. 'इधर पक्की है, चढ़ो. उधर कच्ची है, फिसलो.' वाऱ्याची बाजू चढण्याची आणि आडोशाची बाजू उतरण्याची, हा त्याच्या विषयाचा पहिला धडा दोन वाक्यांत संपला. आम्ही एखाद्या कवितेची पार्श्वभूमी सांगायला पूर्ण तासिका घेतो, हे आम्हा दोघांनाही त्याच क्षणी आठवले आणि आम्ही एकमेकांकडे पाहण्याचे टाळले.

दुसरा धडा अधिक विचित्र होता. त्याने आम्हाला शेजारी उभे केले, काहीतरी बोलण्यात गुंतवले आणि मागून हलकासा धक्का दिला. दोघेही पुढे झुकलो, तोल सावरण्यासाठी दोघांचाही एकेक पाय पुढे पडला. आमच्यापैकी एकाचा डावा, एकीचा उजवा. 'बस, यही पैर आगे बाँधना है,' असे म्हणून तो फळ्यांचे पट्टे बसवू लागला. म्हणजे कोणता पाय पुढे ठेवायचा याचा निर्णय आमच्या मताने होणार नव्हता. आधी विचारले असते तर दोघांनीही उजवा सांगितला असता, कारण शुभकार्यात तोच पुढे टाकायचा असतो. शरीराला स्वतःविषयी जे ठाऊक असते ते विचारून कळत नाही. त्याला बेसावध गाठावे लागते. विद्यार्थ्याची आवड जाणून घेण्यासाठी आम्ही वर्षारंभी त्यांच्याकडून 'माझा आवडता लेखक' लिहून घेतो, आणि वर्गातले साठच्या साठ जण तेच दोन-तीन लेखक लिहितात. त्या प्रश्नाचे उत्तर असे मिळत नसते, हे आता लक्षात येते.

तिसरा धडा पडण्याचा. सपाटीवर, फळीशिवाय. मागे बसल्यासारखे पडायचे, हात मुठी करून छातीशी घ्यायचे, तळहात टेकून सावरायला जायचे नाही, कारण मोडते ते मनगट. दहा-बारा वेळा त्याने आम्हाला पाडले. वाळूत पडणे मुळीच दुखत नाही, लाज तेवढी वाटते; आणि सातव्या-आठव्या वेळी तीही वाटेनाशी होते. वऱ्हाडातल्या पोरांना विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून वरून ढकलून देत, तो आमच्या पिढीचा अनुभव आहे. तेथेही बुडणे आधी शिकवले जाई, तरंगणे मागाहून. साहित्याच्या वर्गात मात्र आम्ही पडण्याला जागाच ठेवलेली नाही. चुकीचा अर्थ लावला की लाल शाई.

मग मेण. फळीच्या तळाला मेणाची वडी घासायची, दर उताराआधी पुन्हा घासायची. वाळू बर्फापेक्षा फार धरून ठेवते आणि मेण नसेल तर माणूस उतारावर उभाच राहतो. गुडघे वाकवायचे, भार किंचित मागच्या पायावर, नाहीतर फळीचे नाक वाळूत घुसते आणि माणूस पुढे फेकला जातो. आणि नजर फळीकडे न ठेवता जेथे जायचे आहे तेथे. हे शेवटचे सांगायला सोपे आहे. पहिल्या तीनही खेपांना आम्ही पायांकडे पाहिले आणि तीनही खेपांना पडलो. चौथ्या खेपेला आमच्यापैकी एकीने मान वर ठेवली आणि ती वीस-पंचवीस पावलांचा उतार एका दमात, उभी, खालपर्यंत गेली. वाळू सरकल्याचा एक खर्जातला आवाज होतो. रवाळ पीठ चाळताना होतो त्याच्या जवळचा. पण हे आत्ता लिहिताना सुचलेले. तेव्हा कशासारखे काही सुचले नव्हते. दुसऱ्याला तसे जमायला आणखी सहा खेपा लागल्या, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे.

यात उतरण्याला काही सेकंद लागतात आणि चढण्याला सात-आठ मिनिटे. तेथे पाळणा नाही, दोर नाही. फळी काखेत घेऊन चालत वर यायचे. फोटोंत हे चढणे कोठेच दिसत नाही.

पाचव्या की सहाव्या चढणीत दम खायला थांबलो तेव्हा शिक्षक म्हणाला, 'आज रेत अच्छी है. कल हवा चली थी, तो साफ़ है.' आमच्या विद्यार्थ्याने खाली वाकून मूठभर उचलली, बोटांतून सोडली आणि हसत म्हणाला, 'सर, हा बी रेतीच म्हणते. तुमी तं माही रेती खोडली व्हती वहीतली.'

आम्हाला काही आठवेना. त्याला सगळे आठवत होते. निबंधाचा विषय होता 'नदीकाठची संध्याकाळ'. तो पैनगंगेच्या काठच्या एका गावचा. त्याने लिहिले होते की संध्याकाळी बाप रेती भरून येते, अंगाला रेती लागलेली असते, माय आधी त्याला हातपाय धुवायला लावते आणि मग भाकर वाढते. त्याच्या सांगण्यानुसार आम्ही 'बाप' खोडून 'वडील' केले होते, 'येते'चे 'येतात' केले होते, 'रेती' दोन्ही ठिकाणी खोडून 'वाळू' लिहिली होती आणि समासात शेरा मारला होता : निसर्गवर्णन कमी. पंधरापैकी सहा गुण. त्याच्या शेजारच्या मुलाला अकरा मिळाले होते. त्याच्या निबंधात सूर्य केशरी गोळा झाला होता आणि पक्षी घरट्याकडे परतत होते.

हे त्याने कोणतीही कडवट छटा न ठेवता सांगितले. त्याच्या लेखी तो विनोद होता. शिक्षकालाही त्याने हिंदीतून सांगितला, तोही हसला. मग दोघे फळ्या घेऊन वर चालू लागले आणि आम्ही त्यांच्या मागे.

आता या प्रकाराचा विचार कसा करायचा? बचाव तयारच आहे. परीक्षा प्रमाणभाषेत द्यावी लागते, नियम आम्ही केलेला नाही, मुलाचे पुढे नुकसान होऊ नये म्हणून आम्ही दुरुस्ती केली, वगैरे. 'येते'पुरता हा बचाव कदाचित टिकेल. 'रेती'पुरता टिकत नाही. रेती हा बोलीतला अशुद्ध उच्चार नव्हे. विदर्भात लिलाव होतो तो रेतीघाटाचा, वर्तमानपत्रांत बातमी येते ती रेतीच्या ट्रॅक्टरची. हा आमच्या भागातला जिवंत, व्यवहारातला, पैशाचा आणि घामाचा शब्द आहे. वाळू हा शब्द आम्हाला पुण्या-मुंबईच्या पुस्तकांतून अधिक भेटतो. म्हणजे आम्ही अशुद्ध काढून शुद्ध घातले नाही; जवळचे काढून लांबचे घातले. आणि हे करीत असताना त्याच महाविद्यालयीन वर्गांत आम्ही उद्धव शेळक्यांची 'धग' शिकवीत होतो. 1960 साली आलेल्या त्या कादंबरीतील वऱ्हाडी संवादांनी मराठी कादंबरीला काय दिले, यावर आमच्यापैकी एकाने परिसंवादात निबंधही वाचला आहे. छापील पुस्तकातील वऱ्हाडीला दाद आणि वहीतील वऱ्हाडीला लाल रेघ, अशी ही आमची वाङ्मयीन निष्ठा! ज्या तालुक्यातील मेहकरात बसून ना. घ. देशपांडे यांनी आयुष्यभर कविता लिहिली, त्या तालुक्यात तरी हे व्हायला नको होते.

परंतु खोल दोष शब्द बदलण्यातही नाही. तो त्या शेऱ्यात आहे. 'निसर्गवर्णन कमी.' मुलाने बापाच्या अंगाला लागलेली रेती लिहिली होती. नदी, तिचे पात्र, त्यातील मजुरी, संध्याकाळ, घर हे सारे त्या एका लागलेल्या रेतीत होते आणि आम्हाला त्यात निसर्ग दिसला नाही, कारण ती कशासारखी आहे हे त्याने सांगितले नव्हते. आम्ही आधी उपमा शिकवतो आणि वस्तू नंतर, बहुतेकदा वस्तू राहूनच जाते. मराठी समीक्षेत 'अनुभव' या शब्दाला जेवढा मान आहे तेवढा दुसऱ्या कोणत्याही शब्दाला नसेल. मर्ढेकरांनी 'वाङ्मयीन महात्मता'मध्ये, 1941 साली, लेखकाच्या आत्मनिष्ठेची जी कसोटी मांडली, ती आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्याच वर्षी बॅग्नॉल्डचे पुस्तक निघाले, हा निव्वळ योगायोग; पण एकाने लेखकाचे मन तपासायला घेतले होते आणि दुसऱ्याने वाळूचा कण, आणि आमच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या प्रकारच्या कुतूहलाला कधी जागा मिळाली नाही. अनुभवाची अस्सलता आम्ही मुलांना व्याख्येत दिली. अस्सल अनुभव वहीत आला तेव्हा त्याला सहा गुण दिले.

एक गोष्ट याहूनही अधिक खटकते. ती 'वाळवंट' या शब्दाविषयी आहे. आज हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे सहारा किंवा थर उभे राहते. पण मराठीत वाळवंट ही मुळात नदीची गोष्ट आहे. नदीचे पाणी ओसरल्यावर पात्रात जी वाळूची मोकळी जागा राहते ते वाळवंट. चंद्रभागेचे वाळवंट म्हणताना कोणाही वारकऱ्याच्या मनात मृगजळ येत नाही. संतांच्या अभंगांत ते खेळाचे ठिकाण आहे. तेथे नाचायचे, फुगड्या घालायच्या, लोळण घ्यायची, एकमेकांच्या पाया पडायचे, कोण थोर कोण लहान हे विसरायचे. ओसाड मरुभूमीसाठी भूगोलाने हाच शब्द घेतला आणि मग आमच्या निबंधांनी तो रुक्षतेचे प्रतीक म्हणून पक्का करून टाकला. तुकोबांच्या भाषेत ज्या शब्दात खेळ होता त्या शब्दातून आम्ही खेळ काढून घेतला आणि निराशा भरली. लाहबाबच्या टेकडीवर दहाव्यांदा पालथे पडून तोंडात वाळू गेलेल्या अवस्थेत आमच्यापैकी एकाला जे हसू फुटले, ते आमच्या निबंधातल्या वाळवंटाला ठाऊक नाही. चंद्रभागेच्या वाळवंटाला ते ठाऊक असावे.

येथे मराठी प्रवासवर्णनाचा प्रश्न आपोआप येतो. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'पासून 'अपूर्वाई'पर्यंत आणि पुढे मीना प्रभूंच्या ग्रंथांपर्यंत ही परंपरा समृद्ध आहे, वाचकप्रिय आहे, तिच्यावर प्रबंध झाले आहेत. परंतु या परंपरेचे मुख्य क्रियापद 'पाहणे' हे आहे. गेलो, पाहिले, थक्क झालो, घरची आठवण आली. फजिती येते, पण ती विनोदासाठी येते. एखाद्या परक्या ठिकाणी प्रौढ माणूस कोणाचा तरी विद्यार्थी झाला, चुकला, पुन्हा चुकला आणि थोडेसे काही शिकला, असे प्रवासवर्णन आम्हाला मराठीत फारसे भेटलेले नाही. अपवाद आहेत, आणि ते बहुतेक चालणाऱ्यांचे आहेत : गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा', इरावती कर्व्यांचा वारीवरचा लेख, दि. बा. मोकाशींची 1964 ची 'पालखी'. या लेखनात पाय आहेत. मोकाशी वारकऱ्यांबरोबर चालतात तेव्हा आपण जाणते आणि ते अजाण, अशी भूमिका घेत नाहीत. म्हणून ते पुस्तक आजही जुने वाटत नाही.

दुसरीकडे विल्फ्रेड थेसिजर पाहावा. ज्या रुब अल खाली नावाच्या विराट वाळवंटाच्या उत्तरेच्या बाजूला या दुबईकडच्या टेकड्या येतात, ते त्याने 1945 ते 1950 या काळात बदूंच्या सोबतीने उंटावरून आणि पायी पालथे घातले. त्याचे 'अरेबियन सँड्स' 1959 साली प्रसिद्ध झाले. त्याच्या साम्राज्यकालीन दृष्टीवर पुष्कळ आक्षेप घेता येतात आणि घेतले जावेत. तरी एक गोष्ट त्याने केली. ज्यांनी त्याला वाळूवर चालायला, पाण्याविना राहायला शिकवले त्या बिन कबिना आणि बिन गबैशा या तरुणांची नावे त्याने पानोपानी लिहिली. आपल्याकडील प्रवासवर्णनांत वाटाड्या हा बहुधा 'आमचा गाइड' असतो; मोडके इंग्रजी बोलणारा, बक्षिशी मागणारा. आमच्या या लेखातही शिकवणारा बिननावाचाच राहिला आहे. कारण निराळे आहे, परिणाम तोच.

अंधार पडण्यापूर्वी थोडा वेळ माथ्यावर बसलो होतो. विद्यार्थ्याने सांगितले की तो ज्या बांधकाम कंपनीत हिशेब पाहतो तेथे ही समोरची वाळू कामाला येत नाही. वाऱ्याने हजारो वर्षे घोळून तिचे कण गोल, गुळगुळीत आणि फार बारीक झालेले असतात; सिमेंटमध्ये ते एकमेकांना धरीत नाहीत. काँक्रीटला लागते ती पाण्याने वाहून आणलेली, कोनेदार वाळू. त्यामुळे डोळे पोहोचतील तेथवर वाळू असलेल्या या मुलखाला बांधकामाची वाळू बाहेरून आणावी लागते. हे सांगून तो थांबला. मग म्हणाला की बापाने भरली ती रेती चांगली होती, चाळायचीही गरज नसे.

त्याचा बाप आता ते काम करीत नाही. त्याच्या गावाजवळ पात्रात जेथे पूर्वी रेतीचा पट्टा होता तेथे आता खडक आणि चिखल उरला आहे; उन्हाळ्यात पोरे खेळायला जात ती जागा राहिलेली नाही. आमच्या लहानपणी नदीतल्या रेतीत हाताने झिरा उकरला की वीतभर खाली पाणी लागे, कारण रेती पाणी धरून ठेवते. रेती गेली तसे ते पाणीही गेले. म्हणजे शब्द आम्ही वहीतून खोडला आणि वस्तू इतरांनी नदीतून. या दोन कृत्यांची बरोबरी होत नाही, हे आम्हाला समजते. ट्रॅक्टर लाल शाईने चालत नाहीत. पण ज्या मुलांना ती रेती नावानिशी ठाऊक होती, तिचा पोत, तिचे वजन, तिची मजुरी ठाऊक होती, त्यांना आम्ही तिच्याऐवजी केशरी सूर्य लिहायला शिकवले. पुढे ती नाहीशी होत असताना तिच्याविषयी लिहू शकणारे आमच्या वर्गांतून फारसे निघाले नाहीत, याचे आश्चर्य आम्ही कोणत्या तोंडाने करावे?

विद्यार्थ्याने वर्गात न शिकवलेले एक काम मात्र त्या संध्याकाळी आम्हाला दिले. या फळीला आणि या खेळाला मराठीत काय म्हणावे, असे त्याने विचारले. मराठीचे शिक्षक म्हटल्यावर हा प्रश्न येणारच. 'वालुकाफलक' असे आमच्यापैकी एकाने गमतीने सुचवले आणि दुसऱ्याने तत्काळ नामंजूर केले. 'घसरफळी' बरा वाटला. घसरगुंडीच्या कुळातला आहे. 'वाळूफळी' असेही म्हणून पाहिले. तो ऐकत होता. मग म्हणाला, 'रेतीफळी म्हणा ना सर.' शिक्षक खालून हाक मारीत होता, एक शेवटची खेप राहिली होती आणि मेण संपत आले होते.

त्या वहीतली रेती आमच्यापैकी नेमकी कोणी खोडली, हे ठरलेले नाही. त्या वर्षी तो वर्ग आम्ही दोघांनी वाटून घेतला होता. एक सहामाही एकाकडे होती, दुसरी दुसरीकडे; आणि निबंध कोणत्या सहामाहीतला होता हे त्यालाही आठवत नाही. परतीच्या विमानात त्यावर थोडी वादावादी झाली. ती अजून मिटलेली नाही.